माना खाली, पाणी आलं

मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. घरात कुणी हाक मारली तर जागेवरून 'ओ' देण्यापेक्षा मी उठून जवळ जाते. सासूबाई म्हणायच्या, "ही आली तेव्हा आवाज माहेरीच ठेवून आली." पण न्हाणीत, तापल्या दगडांवर पाणी टाकण्याआधी, मला ओरडावंच लागतं. तेही त्यांनीच शिकवलं. पोटातून, एका दमात: "माना खाली, पाणी आलं!"

आमची न्हाणी म्हणजे गल्लीच्या टोकाचं, आमच्या राहत्या घराला लागूनच असलेलं सार्वजनिक वाफेचं घर. मागची खोली जुनी आहे, सगळी लाकडी, भिंतीला लागून वर चढत जाणाऱ्या तीन रुंद पायऱ्या. कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर लोखंडी जाळी आणि जाळीत नदीतले मोठे गोटे. भट्टीचं तोंड मात्र भिंतीपलीकडे, माझ्या लाकडाच्या खोलीत. तिथेच भिंतीत हातभर रुंद झडप आहे. पुरुषांच्या वेळी बाईमाणसानं आत जायला नको, म्हणून आजेसासऱ्यांनी ती ठेवली. झडप उघडायची, हाक द्यायची, आणि लाकडी ओगराळ्यानं बेताबेतानं पाणी गोट्यांवर सोडायचं.

हाक अशासाठी की वाफ आधी छताला जाऊन आदळते आणि तिथून खाली वळते. त्या वळणात ज्याचं तोंड सापडेल तो भाजतो. म्हणून हाक आली की जो जिथे असेल तिथे मान खाली घालतो, शहाणा असेल तर सरळ जमिनीवर पालथा पडतो. मग मी वीसपर्यंत मोजते. वीस झाल्याशिवाय मान वर करायची नाही. इथे लहानाचा मोठा झालेला माणूस ते विचार करून करत नाही. डोळ्यासमोर बोट आलं की पापणी मिटते, तसं आहे ते.

बाकीचे नियम दोनच. चपला दाराबाहेर काढायच्या. आणि अंगावरचं लोखंड, सोनं, घड्याळ, जे काही असेल ते दाराशी ठेवलेल्या काठवटीत टाकायचं, कारण आत धातू तापतो आणि कातडीला धरतो.

सासूबाईंच्या वेळी सांधे धरलेली माणसं यायची, बाळंतिणी यायच्या, छातीत कफ भरलेले म्हातारे यायचे. वैद्यच चिठ्ठी देऊन पाठवायचे. आता पुढच्या खोलीत धाकट्या दिरानं विजेवरचा सौना बसवलाय, काचेच्या दाराचा. तिथे तरुण पोरं-पोरी येतात आणि मिनिटं मोजून घाम गाळतात. एकीनं मला विचारलं होतं, "यानं शरीरातलं विष खरंच बाहेर पडतं का हो?" म्हटलं, "शरीरातलं पडत असेल बाई. मनातलं पडताना मी पाहिलं नाही."

मी रोज भट्टी पेटवण्याआधी अंघोळ करते, देवाचं नाव घेते आणि दोन गोष्टी बोलते. आज खोटं बोलणार नाही. आणि हाक दिल्याशिवाय पाणी टाकणार नाही. एकवीस वर्षं झाली. एवढं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, म्हणून सांगितलं.

धाकटे भाऊजी लाकडाच्या वखारीत गाडी चालवायचे. आमच्या भट्टीचं लाकूड तिथूनच यायचं. त्या आठवड्यात एका हमालाची दोन बोटं करवतीत गेली. करवतीवरची जाळी मोडून वर्ष झालं होतं, कुणी बसवली नव्हती. हमाल म्हणाला, मी तक्रार करणार. वखारीच्या मुकादमानं त्याला ओंडक्यांच्या मागे नेलं. सोबत करवत चालवणारा होता, त्याला सगळे करवत्याच म्हणायचे. भाऊजी गाडीत बसले होते. आरशात त्यांना सगळं दिसलं. मुकादमाच्या हातात पहार होती. पहिल्या घावाला हमाल म्हणाला, "मालक, चुकलो." दुसऱ्याला म्हणाला, "चुकलो." तिसऱ्याला काही म्हणाला नाही, तरी पहार चालूच राहिली. मग दोघांनी त्याच्यावर ओंडके लोटले आणि आरडाओरडा केला, "रास ढासळली! रास ढासळली!"

भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वहिनी, डोळे मिटले की तो 'चुकलो' म्हणतो. त्याचं काय चुकलं होतं?"

मी म्हटलं, "भाऊजी, जे पाहिलंत ते सांगून टाका."

हे मीच म्हटलं. तेव्हा पुढचं जे झालं त्यात माझा हात इथूनच आहे.

ते चौकीवर जाऊन आले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, उद्या चार वाजता गाडी पाठवतो, मोठ्या साहेबांसमोर जबानी होईल, तोवर घराबाहेर पडू नका. भाऊजी घराबाहेर पडले नाहीत. पण चौकीतून बातमी वखारीत पोचायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी बायकांची वेळ पाचला होती. मी दोनलाच भट्टी पेटवली. भाऊजींचं अंग भीतीनं लाकडासारखं झालं होतं, मान वळत नव्हती. म्हटलं, "गाडी यायला अवकाश आहे. अर्धा तास आत पडा. अंग मोकळं होईल, जबानीला ताठ बसाल."

"ताठ तर आत्ताच आहे," ते म्हणाले. "लवायचंच काय ते राहिलंय." तीन दिवसांनी हसले.

मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे दोन तास आधी येऊन बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या त्याला दहा वर्षं झाली, पण घंटेच्या आधी वर्गात हजर राहायची खोड गेली नाही. गुडघ्यांना तेल लावून, पंचा गुंडाळून त्या मला सुनेच्या कागाळ्या सांगत होत्या.

साडेतीनला पुढची काच फुटली.

आवाजावरूनच कळलं, सौन्याचं दार गेलं. मी बाहेर आले तर तिघे होते. मुकादम पुढे, हातात पहार. करवत्या गल्ल्याचं टेबल उलटं करत होता. तिसरा माणूस काचांवर उभा होता, पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, हातात सुरा. त्याला ते 'घुम्या' म्हणत होते. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण त्या वेळी आठवत बसायला सवड कुणाला?

"कुठंय तो?" मुकादमानं विचारलं.

मी बोलले नाही. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं, मग उरलं काय?

"बहिरी आहे का रे ही?"

"मुकी असेल," करवत्या म्हणाला. "घुम्या, तुला जोडीदारीण मिळाली."

मुकादमानं माझा उजवा हात धरला, टेबलाच्या पालथ्या फळीवर सपाट ठेवला आणि पहारेचं टोक बोटांवर आणलं. जोर लावला नाही, नुसतं वजन सोडलं. आधी मधलं बोट मोडलं, मग शेजारचं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. माझ्या तोंडून देवाचं नाव आलं, पण हळूच.

"देव नको," तो म्हणाला. "दीर पाहिजे."

मास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पंचा धरून. "अरे, लाज नाही वाटत? बाईमाणसावर हात टाकता? चालते व्हा!"

करवत्यानं त्यांना कानाखाली अशी दिली की त्या दाराच्या चौकटीवर आपटल्या. कपाळातून रक्त आलं. तरी म्हणाल्या, "नाव सांग तुझं!"

तेवढ्यात घुम्यानं मुकादमाच्या बाहीला हात लावला आणि बोळाच्या टोकाकडे बोट दाखवलं.

वाफेच्या खोलीच्या दाराबाहेर चपला होत्या. शेजारी शेजारी, अंगठे भिंतीकडे. आणि काठवटीत भाऊजींची अंगठी आणि घड्याळ. जिवाच्या भीतीनं घरात बसलेला माणूस, पण दाराशी चपला नीट काढून, अंगठी काठवटीत ठेवून आत गेला होता. लहानपणापासून हात जे करत आले ते हातांनी केलं. त्याबद्दल मी त्यांना आजही बोलत नाही.

त्या दाराला आतून कडी नाही. वाफेच्या खोलीला कडी ठेवत नाहीत. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर?

तिघे आत गेले. बूट घालूनच.

मी लाकडाच्या खोलीत धावले. का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसरीकडे जायला जागाच नव्हती म्हणा. झडप उघडली. आतला उकाडा तोंडावर आला आणि गोट्यांच्या वरून सगळं दिसलं.

भाऊजी मधल्या पायरीवर होते. करवत्यानं त्यांना पायाला धरून खाली ओढलं, डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. मग केसाला धरून उभं केलं, भिंतीला टेकवलं. मुकादमानं पहार आडवी फिरवली ती गुडघ्यावर. भाऊजी ओरडले. तसा आवाज मी माणसाचा ऐकला नव्हता.

"आरशात बघत होतास ना?" मुकादम म्हणाला. "आता समोर बघ."

"मालक, फार तापतंय इथं," करवत्या म्हणाला. घामानं त्याचे डोळे मिटत होते.

"लोक पैसे देऊन तापतात. तू फुकटात तापतोयस." मुकादमानं गळाबंद कोट काढायला घेतला. त्यासाठी पहार टेकवली, ती नेमकी भट्टीच्या जाळीला, गोट्यांवर टोक ठेवून. माझ्यापासून दीड हातावर. मी पाहत होते. सांगावं असं एकदाही मनात आलं नाही.

कोट निघायला वेळ लागला, बाह्या घामानं चिकटल्या होत्या. तेवढ्या वेळात करवत्या रिकाम्या हातानं मारत होता. पोटात, बरगड्यांवर, पुन्हा पोटात. न घाई, न राग, ओंडका करवतीवर चढवावा तसा. भाऊजींच्या तोंडातून लाळ आणि रक्त मिसळून छातीवर उतरत होतं. घुम्या दाराजवळ सुरा धरून उभा होता आणि खाली पाहत होता.

मुकादमानं कोट फेकला आणि पहार उचलली.

ती सोडायला त्याला झटकावी लागली. हातावरची कातडी पहारेला राहिली. पट्टीएवढी, पांढरी. तो किंचाळला, मग शिव्या देत भाऊजींच्या तोंडावर बुटाची लाथ घातली. दात गेले. "घुम्या!" तो ओरडला. "ये पुढे. चालव!"

घुम्या पुढे आला. भाऊजींनी आडवा धरलेला हात सुऱ्यानं कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. रक्त पायरीवर पडलं आणि लगेच तपकिरी झालं.

"हात नाही रे गाढवा! गळा. करवत्या, मान वर धर त्याची."

करवत्यानं केस मुठीत घेऊन मान मागे ओढली. भाऊजींचा गळा ताणला गेला. त्यांचे डोळे झडपेकडे वळले. त्यांना मी दिसले की नाही, देव जाणे.

माझ्या पायाशी भरलेली बादली होती. बादलीत ओगराळं तरंगत होतं. उजव्या हाताची दोन बोटं लोंबत होती. मी बादली दोन्ही मनगटांत धरून उचलली, झडपेच्या काठावर टेकवली.

तेव्हा मला कळलं, मी काय करणार आहे. आणि हेही कळलं की हाक न देता केलं तर तिघंही सापडतील, भाऊजीही सापडतील. हाक दिली तर भाऊजी खाली जातील. आणि बाकीचे काय करतील? आयुष्यात कधी न्हाणीत न बसलेला माणूस हाक ऐकली की काय करतो, ते मी एकवीस वर्षं पाहत आलेय. नवखा माणूस मान वर करतो. कोण ओरडलं ते बघतो.

"माना खाली, पाणी आलं!"

भाऊजींचं अंग कोसळलं. शुद्ध होती की नव्हती, मला माहीत नाही, पण गुडघा फुटलेला तो माणूस दगडासारखा खाली गेला. करवत्याच्या मुठीत केस तसेच राहिले, मुळाशी कातडी असलेले. मुकादम आणि करवत्या, दोघांनी मान वर करून झडपेकडे पाहिलं.

मी अख्खी बादली ओतली.

दगड फुटण्याचा आवाज बंदुकीसारखा असतो. दोन गोटे फुटले. महिनाअखेरीला बदलायचे म्हणून मी त्यांना खडूची खूण केली होती. एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या लाकडांत रुतला. वाफ दिसली नाही. इतकी गरम वाफ दिसत नाही. दोन तोंडं मात्र दिसली, लाल होताना. करवत्यानं ओरडायला तोंड उघडलं आणि ती वाफ आत घेतली. त्यानंतर त्याचा आवाज आला नाही, नुसती छाती वरखाली होत राहिली. मुकादम दोन्ही हातांनी डोळे चोळत होता आणि हातांबरोबर गालाची साल सरकत होती. तो भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला, मग दार सापडलं. बोळात गार पाण्याचा हौद आहे, त्यात तो पडला, तसाच, बुटासकट. करवत्या उंबऱ्यावर आडवा झाला. त्यामुळे दार उघडंच राहिलं.

"एक," मी म्हटलं. हाक दिली की मोजायचं असतं, म्हणून.

"दोन."

तेव्हा मला घुम्या दिसला.

तो भाजला नव्हता. तो जमिनीवर पालथा होता, तोंड फळ्यांना लावून, हात डोक्यावर. भाऊजींच्या शेजारी. दोघांच्या नाकांत वीतभर अंतर. मी हाक दिली तेव्हा दोन माणसं खाली गेली होती, एक नाही. सुरा अजून त्याच्या मुठीत होता.

आणि मला तो आठवला. परटीण यायची, गुडघे धरलेली, दर मंगळवारी. तिच्या पदराला धरून चार वर्षांचं एक पोर. ते खालच्या पायरीवर बसायचं. बोलायचं नाही. मी हाक दिली की सगळ्यांत आधी पालथं पडायचं आणि माझ्याबरोबर ओठांनी आकडे म्हणायचं. परटीण वारली आणि पोर कुठे गेलं, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"सात. आठ."

तो ओठ हलवत होता की नव्हता, मला वरून दिसत नव्हतं. भाऊजींचे डोळे उघडे होते. ते त्याच्याकडे पाहत होते. सुऱ्याचं पातं त्या दोघांच्या मधे, फळीवर. मी भिंतीपलीकडे. धावत गेले असते तरी बोळ, हौद, उंबरा आणि त्यावर आडवा माणूस ओलांडेपर्यंत गळा चिरून झाला असता.

"तेरा. चौदा."

मुकादम हौदातून ओरडला, "घुम्या! आहेस का? कर तुझं काम!"

घुम्याचा खांदा हलला.

"पंधरा. सोळा." मी आवाज बदलला नाही. बदलला असता तर संपलं असतं. "सतरा. अठरा. एकोणीस. वीस."

त्यानं मान उचलायला घेतली. वीस झाले होते ना.

"एकवीस," मी म्हटलं.

मान तिथेच थांबली.

"बावीस." मान खाली गेली.

मी मोजत राहिले. तीस झाले, चाळीस झाले. मोडक्या हाताची कळ खांद्यापर्यंत चढत होती, घसा सुकत होता. अठ्ठावनला मला खोकला आला आणि आकडा अडकला. घुम्यानं डोकं वळवलं. त्याचा डोळा मला दिसला.

"एकोणसाठ!" बोळातून आवाज आला. मास्तरीणबाई. कपाळाचं रक्त पुसायच्या आधी त्या उंबऱ्याशी येऊन उभ्या होत्या, एका हातानं भिंत धरून. "साठ! सगळे माझ्याबरोबर. एकसष्ट!"

त्यांचं न ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षं तोच आवाज वर्गावर चालला होता. मी खोकला गिळून त्यांच्यात मिसळले. शंभराला त्या थांबल्या, "शाब्बास," म्हणाल्या आणि "एकशेएक" म्हणून पुढे गेल्या. हौदात मुकादम आईला हाका मारत होता. एकशेचाळीसच्या सुमारास भाऊजींचे डोळे मिटले. मी मोजणं सोडलं नाही. रक्त पायरीवरून थेंब थेंब पडत होतं आणि ते मला आकड्यांच्या मधे ऐकू येत होतं.

दोनशेबाराला बाहेर गाडी थांबली. चारला येणारी चौकीची गाडी पावणेचारला आली, आणि साहेब स्वतःच आले. फुटक्या काचांवर बूट वाजले. त्यांच्या मागून शिपाई आले, मग आरडाओरडा, मग कुणीतरी आत जाऊन घुम्याच्या मनगटावर पाय ठेवला. तोवर सुऱ्याची मूठ सुटलेलीच होती.

भाऊजी वाचले. उजवा पाय गुडघ्यात वळत नाही, पुढचे चार दात नाहीत, डाव्या हाताची बोटं अर्धीच मिटतात. जबानी त्यांनी इस्पितळाच्या खाटेवरून दिली, दात नसल्यानं प्रत्येक शब्द दोनदा सांगत. हमालाचं नाव त्यांनी तीनदा सांगितलं. साहेबांनी एकदाच विचारलं होतं.

मुकादमाचा एक डोळा गेला. दुसऱ्यानं त्याला उजेड तेवढा कळतो. हमालाच्या खुनासाठी तो आत आहे.

करवत्या नवव्या दिवशी गेला. छाती आतून भाजली होती. त्याला श्वास घेताना पाहिलेल्या परिचारिकेनं मला सांगितलं, तो कसा गेला. मी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. तेवढं ऐकणं मी देणं लागत होते.

साहेब माझी जबानी घ्यायला घरी आले.

"बाई, पाणी ओगराळ्यानं टाकतात ना?"

"हो."

"मग बादली का?"

मी पट्टी बांधलेला हात दाखवला. "बोटं मोडली होती. या हातानं ओगराळं धरवत नव्हतं."

"बरोबर आहे," ते लिहीत म्हणाले. "आणि टाकण्याआधी तुम्ही सूचना दिली होती, असं त्या मास्तरीणबाई सांगतात."

"हाक दिली होती."

"मग झालं तर. तुमची काही चूक नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. डाव्या हातात ओगराळं धरता आलं असतं, हे त्यांनी विचारलं नाही. हाक ऐकून नवखा माणूस काय करतो, हेही विचारलं नाही. ते उंबऱ्यापर्यंत गेले तेव्हा मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि दोन्ही सांगितलं. त्यांनी वही खिशात घातली. "मला आज नीट ऐकू येत नाही बाई," ते म्हणाले. "सर्दी झालीय. तुमच्याकडे वाफ घ्यायला यायला हवं."

मला ती सुटका वाटली नाही. त्यांनी लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

घुम्यानं हमालाबद्दल जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. त्याला विचारलं म्हणे, सुरा हातात होता, शेजारी माणूस होता, तुला अडवायला कुणी नव्हतं, मग का थांबलास? तो म्हणाला, "बाई मोजत होत्या." याउपर त्याच्याकडून काही निघालं नाही. महिन्यातून एकदा मी त्याला भेटायला जाते. तो गजापलीकडे बसतो, मी अलीकडे. तो बोलत नाही आणि मीही फारशी बोलत नाही. आमचं बरं जमतं.

न्हाणी दीड महिन्यानं उघडली. गोटे मी सगळे नवे आणले, एकेक वाजवून पाहिला. पायरीवर रक्ताचा डाग होता तो राखेनं घासला. पहिल्या दिवशी अंघोळ केली, देवाचं नाव घेतलं. दोन गोष्टी रोज बोलते त्या बोलायला गेले, तर दुसरी घशातून येईना. हाक दिल्याशिवाय पाणी टाकणार नाही. ते तर पाळलंच होतं मी.

शेवटी बोलले. न बोलून कसं चालेल? आत मास्तरीणबाई बसल्या होत्या, आणखी चौघी होत्या. झडप उघडली, डाव्या हातात ओगराळं घेतलं. हल्ली मी डाव्याच हातात घेते.

हाक दिली. सगळ्या खाली वाकल्या. पाणी सोडलं, वाफ छताला गेली, मी मोजायला लागले. अठरा, एकोणीस, वीस. आत माना वर झाल्या, कुणीतरी सुस्कारा सोडला, कुणी हसलं.

त्यांना काय माहीत? वीसवर थांबायला मला आता जीभ चावावी लागते.